वासरू आणि विद्यावाचस्पती

सोलापूरच्या पोराला ऋण संख्या शाळेत शिकवाव्या लागत नाहीत. ते काम उजनी धरण करतं. 'उजनी वजा बावीस', 'उजनी वजा सदतीस' हे पेपरात वाचत आणि टपरीवर ऐकतच इथली पोरं मोठी होतात. धरणाची एकूण साठवण ११७ टीएमसी. त्यातलं तळाचं ६३ टीएमसीहून थोडं जास्त पाणी मृतसाठ्यात जमा, म्हणजे हिशोबात नसलेलं. टक्के मोजायचे ते उरलेल्या साडेत्रेपन्न टीएमसीचे. त्यामुळे शून्य टक्क्याला हे धरण रिकामं होत नाही आणि शंभर टक्क्यांना थांबतही नाही, एकशे दहापर्यंत जातं. २०२४ च्या जूनमध्ये उजनी वजा साठच्या घरात पोचली होती. पुण्याचा पाहुणा हा आकडा ऐकून दचकतो. त्याला वाटतं, आता धरणच आपल्याकडे उसनं पाणी मागतंय. सोलापूरकर त्याच्यापुढे शेंगाचटणी सरकवत म्हणतो, "हाय की अजून खाली."

अशा गावात, जिथं न्हावीसुद्धा दाढीचा साबण कालवताना भीमेत सोडलेल्या क्युसेकचा आकडा सांगतो, आमच्या भाच्यानं 'हवामान बदल : संप्रेषण आणि शिक्षण' या विषयात प्राध्यापकीचं करिअर करायचं ठरवलं. हवामान बदलतंय हे लोकांना कसं सांगावं, याचं शास्त्र. मी म्हटलं, "अरे, कुणाला सांगणार?" तो म्हणाला, "मामा, हाच तर संशोधनाचा प्रश्न आहे."

आमच्या ताईला पहिले सहा महिने वाटत होतं की पोरगं वेधशाळेत लागणार. तिनं तसं गल्लीत सांगूनही टाकलं. मग काय, वाड्यातला जो तो पापड वाळत घालण्याआधी त्याला विचारायला लागला. एकदा शेजारचे काका म्हणाले, "काय करलालास बे सध्या? पाऊस कधी हाय सांग की." भाचा नम्रपणे म्हणाला, "काका, मी उद्याचं सांगत नाही. आम्ही तीस-तीस वर्षांच्या सरासरीवर बोलतो." काका म्हणाले, "मग तीस वर्षांनी ये," आणि त्यांनी पापड घातले. लग्नाच्या बाजारात तर आणखी पंचाईत. मुलीकडच्यांना 'संप्रेषण'चा अर्थ लागेना. शेवटी मध्यस्थानं स्वतःच्या जबाबदारीवर 'मुलगा पर्यावरण खात्यात' असं ठोकून दिलं. खातं कुठलं, हे कुणी विचारलं नाही. खातं असलं की पुरतं.

या करिअरची मुळं मात्र भक्कम आहेत, थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जातात. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी न्यायालयानं निकाल दिला, की पर्यावरण हा विषय शाळा-कॉलेजात सक्तीनं शिकवा. सक्ती अमलात यायला डझनभर वर्षं लागली. २००३ च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगानं पदवीसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला, पुण्याच्या भारती विद्यापीठातल्या डॉ. एरच भरुचांनी त्याचं पुस्तक लिहिलं आणि देशभरातली बी.कॉम.ची पोरंसुद्धा परिसंस्था म्हणजे काय ते पाठ करू लागली. एकूण पन्नास तासिका. त्यातल्या सहाव्या घटकात एका ओळीत हवामान बदल, जागतिक तापमानवाढ, आम्लवर्षा, ओझोनचा क्षय, अणुअपघात आणि सर्वनाश असे सगळे एकत्र बसवलेले. पृथ्वीचा शेवट ज्या ज्या मार्गानं होऊ शकतो ते सगळे एकाच ओळीत, आणि त्यानंतर लगेच पडीक जमिनीची सुधारणा. मला त्या अभ्यासक्रमाचं कौतुक वाटतं. सर्वनाश झाल्यावरही जमीन पडीक ठेवायची नाही, हा खास शेतकरी बाणा झाला.

आठव्या घटकात पाच तासिकांचं क्षेत्रकार्य होतं. जवळची नदी, तळं, डोंगर बघा आणि टिपण लिहा. सोलापुरात डोंगर नाही, नदी लांब, त्यामुळे सगळ्यांचा प्रकल्प कंबर तलावावर. पहिल्या वर्षी कुणीतरी खरोखर जाऊन तलाव पाहिला असणार. त्यानंतरच्या बॅचेसनी त्या अज्ञात पूर्वजाचा प्रकल्प पाहिला. जलपर्णी वाढो, काढली जावो, पुन्हा वाढो. प्रकल्पातली जलपर्णी मात्र वर्षानुवर्षं 'अंदाजे चाळीस टक्के' राहिली. हवामान बदलाच्या काळात इतकी स्थिर दुसरी परिसंस्था मला माहीत नाही.

हा विषय शिकवायचा कुणी? ज्याचं वर्कलोड कमी भरतंय त्यानं. म्हणून एका कॉलेजात तो हिंदीचे सर शिकवतात, दुसरीकडे शारीरिक शिक्षणाचे. स्वतंत्र पद नाही, कारण विषय सक्तीचा आहे, आणि जे सक्तीचं असतं ते कुणीही करतं. भाचा तासिका तत्त्वावर लागला. म्हणजे शिकवलेल्या तासाचे पैसे, तेही येतील तेव्हा. सुट्टीचे नाहीत, परीक्षेच्या काळाचे नाहीत. "मामा, शाश्वत विकास म्हणजे काय ते मी पोरांना शिकवतो," तो म्हणतो, "आणि माझा करार मार्चात संपतो."

पण करिअर म्हटलं की पीएच.डी. आली. प्रबंधासाठी भाच्यानं प्रश्नावली तयार केली. प्रत्येक विधानाला पाच पर्याय : पूर्णतः सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णतः असहमत. ती घेऊन तो मंगळवेढ्याकडे गेला, ज्वारीच्या पट्ट्यात. गाडी चालवायला मी होतो. बांधावर एक आजोबा भेटले. भाच्यानं वाचलं, "हवामान बदलाचा माझ्या उपजीविकेवर विपरीत परिणाम झाला आहे. पूर्णतः सहमत लिहू का?"

आजोबा उखडले. "सहमत कशापायी? मला कुणी इचारून केलंय व्हय हे?"

भाच्यानं समजावलं, की तसं नाही, परिणाम झाला आहे हे तुम्हाला पटतं का. आजोबा म्हणाले, "हस्त कोरडा गेला, सवाती धो धो पडली. ह्यात पटायचं काय?" प्रश्नावलीत नक्षत्रांना रकाना नव्हता, महिन्यांना होता. हस्त म्हणजे सप्टेंबर धरायचा की ऑक्टोबर यावर भाचा आणि आजोबा अर्धा तास बसले. मग आजोबांनीच उलट तपासणी घेतली. तुझ्या सायबाकडं जमीन किती, विहीर किती परस, मालदांडी पेरतो का आणखी काय. गाईडकडे जुळे सोलापुरात टू बीएचके आहे असं कळल्यावर त्यांना त्या अभ्यासाची दया आली. निघताना त्यांनी कडक भाकरीचा गठ्ठा बांधून दिला. रात्री माहिती भरताना भाच्यानं त्यांच्यापुढे 'तटस्थ' लिहिलं. तटस्थ! त्या माणसाइतका पक्षपाती माणूस मी उभ्या जिल्ह्यात पाहिलेला नाही.

आता यातली खरी गंमत. ज्या मोहोळच्या केंद्रातून मालदांडी ३५-१ हे ज्वारीचं वाण निघालं आणि सोलापुरात १९३३ साली जे कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र निघालं, त्यांनी 'संप्रेषण' हा शब्द कधी वापरला असेल असं वाटत नाही. उताराला आडवी नांगरट करा, बांध घाला, ओल धरा, एवढंच. ते आजोबांच्या आज्यापर्यंत पोचलं, आणि आजोबा ते आपलंच म्हणून आम्हाला सांगत होते. भाच्याला मी हे बोललो तर म्हणाला, "मामा, ते ज्ञानाचं हस्तांतरण. माझं वेगळं आहे, मी धारणांचा अभ्यास करतो." धारणा कशानं बदलते, हे विचारल्यावर मात्र त्यानं या शास्त्राचं मुख्य सूत्र सांगितलं : नुसती माहिती देऊन माणसं बदलत नाहीत. हे सूत्र त्याला साडेतीनशे पानांच्या माहितीतून सिद्ध करायचं होतं.

या शास्त्राची काशी अमेरिकेतल्या येल विद्यापीठात आहे. तिथल्या अँथनी लायझरोवित्झ आणि मंडळींनी २००९ मध्ये अमेरिकनांचे सहा गट पाडले. धास्तावलेले, चिंतातुर, सावध, अलिप्त, शंकेखोर आणि साफ नाकारणारे. पुढे तोच प्रयोग भारतावर केला, तर गट चारच भरले. शंकेखोर आणि नाकारणारे पुरेसे सापडलेच नाहीत, आणि निम्म्याहून जास्त लोक धास्तावलेल्यांत निघाले. त्यांच्याच २०२२ च्या पाहणीत ५४ टक्के भारतीयांनी सांगितलं, की जागतिक तापमानवाढ आम्हाला थोडीशीच माहीत आहे किंवा कधी ऐकलेलीच नाही. मग सगळ्यांना थोडक्यात ती काय ते सांगून विचारलं, तर ८४ टक्के म्हणाले, हो, असं होतंय. थोडक्यात! ताईनं हे ऐकलं आणि ती भाच्याला म्हणाली, "मग उरलेली पानं तू कशाला लिहितोयस?"

येलचे गट सोलापूरला लागू पडत नाहीत असं माझं मत. इथं तीन गट पुरतात. ज्यांच्याकडे बोअर आहे, ज्यांची बोअर आटली, आणि ज्यांच्या शेजाऱ्याकडे बोअर आहे. तिसरा गट हवामानाबाबत सगळ्यांत जागरूक आणि बोलायला सगळ्यांत गोड असतो. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या शहरात वर्तणुकीतल्या बदलासाठी कार्यशाळा घ्यावी लागत नाही. धुण्याचं पाणी संडासला, भाजीचं पाणी तुळशीला, आणि पाहुण्याला आधी अर्धाच पेला, हे आमच्याकडे मुंजीआधी शिकवतात. याच जिल्ह्यात तीसहून जास्त साखर कारखाने आहेत, ही गोष्ट वेगळी. तिचा चर्चासत्रात विषय निघत नाही, कारण उद्घाटनाला चेअरमनसाहेब असतात.

चर्चासत्राबद्दल सांगितलं पाहिजे. राष्ट्रीय चर्चासत्र हे नेहमी मार्चात असतं. अनुदान एकतीस तारखेला परत जातं, म्हणून पृथ्वीची चिंता तीसपर्यंत उरकावी लागते. बाहेर ४१ अंश. आत एसीचं सभागृह, आणि 'प्लॅस्टिकमुक्त वसुंधरा' लिहिलेला पंधरा फुटी फ्लेक्स. पुण्याहून आलेले बीजभाषक. सोलापूरच्या रिवाजाप्रमाणे त्यांचा सत्कार पुष्पगुच्छानं नाही, सोलापुरी चादरीनं झाला, आणि ती चादर मानानं अंगावर पांघरली गेली. फोटोग्राफरनं 'राहू द्या सर' म्हटल्यामुळे ती राहिली. आणि त्याच अवस्थेत त्यांनी हरितगृह परिणाम समजावून सांगायला घेतला : "पृथ्वीभोवती वायूंची एक चादर आहे, असं समजा. ही चादर जाड होत चाललीय."

हा दृष्टांत जगभर चालतो. आपल्या शास्त्रात तो सर्वमान्य असल्याचं भाचा सांगतो. पण सोलापुरात येऊन, भौगोलिक मानांकन मिळवलेल्या चादरीच्या गावात, चादरीला खलनायक करायचं म्हणजे धाडसच. सभागृहात पूर्व भागातली, पिढ्यान्‌पिढ्या मागावर वाढलेली पोरं होती. मागून एकानं विचारलं, "सिंगल की डबल, सर?" दुसऱ्याचा प्रश्न अधिक तांत्रिक होता. जाड होतेय म्हणजे सूत जाड लागतंय की ठोक जास्त बसतेय? बीजभाषकांच्या कपाळावर तोवर घाम जमला होता. चादर काढावी तर सत्काराचा अपमान, ठेवावी तर जीव जातो. जागतिक तापमानवाढीवरचं इतकं प्रत्ययकारी प्रात्यक्षिक मी दुसरं पाहिलेलं नाही. प्रमाणपत्रं वाटल्यावर सगळ्यांनी एकमतानं ठराव केला, की जनजागृतीची गरज आहे.

प्रबंधातलं एक प्रकरण मात्र भाच्यानं फार मन लावून लिहिलं होतं, आणि गाईडनं तेच कापलं. ते माळढोकवर होतं. नान्नजच्या माळावरच्या या पक्ष्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. आकार ८,४९६ चौरस किलोमीटर. सोलापूर आणि नगर या दोन जिल्ह्यांतली गावं, शेतं, बाजारपेठा सगळी नकाशात आली. पक्षी काय खातो, माळ का जपायचा, हे फार थोड्यांना कुणी सांगितलं. बाकीच्यांना माळढोक भेटला तो तलाठ्याच्या टेबलावर. जमीन बिगरशेती करायला गेलं की माळढोक, विकायला गेलं की माळढोक. ज्यांनी जन्मात तो पक्षी पाहिला नव्हता तेही त्याला शिव्या घालू लागले. २०१२ मध्ये अभयारण्य कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, तोवर माळढोकांनी स्वतःच स्वतःची संख्या कमी करून घेतली होती. भाच्याचा निष्कर्ष असा, की सरकारी आदेश हेच इथलं पर्यावरण शिक्षणाचं पहिलं पाठ्यपुस्तक ठरलं, आणि लोकांनी ते नीट वाचलं. गाईड म्हणाले, "प्रकरण चांगलंय, पण संदर्भसूचीत सात-बारा कसा दाखवणार?"

त्याऐवजी गाईडनं कृत्रिम पावसाचं प्रकरण घालायला लावलं, कारण त्यावर इंग्रजीत भरपूर छापून आलंय. आहे खरंच. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूर परिसरातले २७६ ढग निवडले. काहींमध्ये विमानाच्या पंखावरून कॅल्शियम क्लोराईडच्या नळकांड्या पेटवून बीजारोपण केलं, काहींना तुलनेसाठी तसंच सोडलं. बीजारोपणाच्या जागेपासून वाऱ्याच्या दिशेनं शंभर चौरस किलोमीटरमध्ये पाऊस सरासरी १८ टक्के जास्त भरला. शास्त्र म्हणून काम चोख. पण तेव्हा सोलापूरहून माणसांसाठी नियमित विमान नव्हतं आणि ढगांसाठी विमानं घिरट्या घालत होती, हे गल्लीनं मनाला लावून घेतलं. आणि तो नियंत्रण गट! ज्यांच्यावर काहीच करायचं नाही, फक्त काय होतंय ते बघायचं, असे ढग. आमचे काका म्हणाले, "म्हंजे आपल्यासारखेच की."

प्रबंध पार पडला, भाचा डॉक्टर झाला. नोकरी तीच, तासिका तीच. मग 'पब्लिकेशन' सुरू झालं. पहिला निबंध यूजीसी-केअरच्या यादीतल्या नियतकालिकात आला. पेढे वाटले. २०२५ मध्ये यूजीसीनं ती यादीच मोडीत काढली. त्याच वर्षी सप्टेंबरात सीना नदीनं असा पूर आणला की दुष्काळी म्हणून ज्यांच्याकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या, ती गावं पाण्याखाली गेली. भाचा मदतीचं सामान घेऊन चार दिवस माढ्याकडे होता. तिथं त्यानं कुणाला काही समजावलं नाही, पिठाची पोती उचलली. परत आल्यावर म्हणाला, "मामा, विषय बदलतो. आता भाकणुकीवर लिहितो."

मला हे फार आवडलं. कारण हवामानाचं बोलणं लाखो लोकांनी श्वास रोखून ऐकावं, असा सोलापुरातला एकच प्रसंग आहे, आणि तिथला वक्ता वासरू असतो. संक्रांतीच्या गड्डा यात्रेत सिद्धेश्वरांचा होमविधी झाला की रात्री होम मैदानावर मानकऱ्यांचं वासरू आणतात. दिवसभर उपाशी ठेवलेलं. त्याच्यापुढे धान्य, गाजर, बोरं, खोबरं, सुपारी, पान मांडतात. ज्याला तोंड लावेल ते महागणार. मूत्र विसर्जन केलं तर पाऊस चांगला. बिथरलं तर आपत्तीचं बोलणं सुरू होतं. मग यात्रेचे मानकरी हिरेहब्बू निष्कर्ष सांगतात, हीच भाकणूक, आणि दुसऱ्या दिवशी ती पेपरात पहिल्या पानावर येते. ना स्लाइड, ना फ्लेक्स, ना बीजभाषण. ज्या सिद्धरामेश्वरांच्या नावानं हे चालतं, त्यांनी बाराव्या शतकात लोकांना हाताशी धरून तळंच खोदलं होतं. जनजागृतीचा विभाग त्यांनी वेगळा ठेवला नव्हता.

भाच्यानं गर्दीत उभं राहून टिपणं घेतली, मुलाखती घेतल्या. लोक भाकणूक ऐकून पेरणी बदलतात का? नाही बदलत. एक आडत्या म्हणाला, "वासरू चुकलं तरी वाईट वाटत नाही, त्याला अनुदान नसतं." निबंध लिहून झाला, परदेशी नियतकालिकाला गेला, आणि चार महिन्यांनी परीक्षकांचे शेरे आले. पहिल्याला निबंध पसंत होता. दुसऱ्यानं लिहिलं होतं, की विषय रोचक आहे, परंतु नमुन्याचा आकार फारच लहान, केवळ एक वासरू. किमान तीस घ्यावीत. शिवाय नियंत्रण गट म्हणून तेवढीच पोट भरलेली वासरं असावीत.

सध्या आम्ही साठ वासरांच्या शोधात आहोत. अक्कलकोट रोडच्या एका गोठेवाल्याशी बोलणं झालंय. तो वासरं द्यायला तयार आहे. पण त्याच्या अटी आहेत. उपाशी ठेवायचं पाप तुमच्या माथी, पोट भरायचा चारा तुमच्या खर्चानं, आणि निबंधावर पहिलं नाव त्याचं. पहिल्या दोन भाच्यानं मान्य केल्या. तिसरीवर अडलंय.